दोन पर्याय उरतात तेव्हा

पत्र: ताई, मी सोलापूरची. पुण्यात एका आयटी कंपनीत नोकरी करते आणि रात्री जीमॅटचा, म्हणजे एमबीएच्या प्रवेश-परीक्षेचा, अभ्यास करते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. रीडिंग कॉम्प्रिहेन्शन (उतारा वाचून उत्तरं देणं) आता बरं जमतं, क्रिटिकल रीझनिंगमधले (युक्तिवाद तपासण्याच्या प्रश्नांमधले) अझम्प्शनचे, म्हणजे गृहीतक ओळखायचे, प्रश्नही सुटतात. पण ‘वीकन द आर्ग्युमेंट’चा, म्हणजे युक्तिवाद कमकुवत करणारं विधान निवडायचा, प्रश्न आला की शेवटी दोन पर्याय उरतात आणि मी नेमका चुकीचा निवडते. नमुन्यादाखल एक प्रश्न पाठवते आहे. माझं उत्तर का चुकलं हे क्लासमधल्या सरांनी सांगूनही मला पटलेलं नाही. कन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मैत्रिणींना हे सहज जमतं. इंग्रजीचा वेगळा क्लास लावू का? परीक्षेला सहा आठवडे राहिलेत. तारीख पुढे ढकलू का?

प्रश्न असा: एका क्लासने काही विद्यार्थ्यांना जादा सराव-संच दिले. संच सोडवणाऱ्यांचे अंतिम परीक्षेतले सरासरी गुण इतरांपेक्षा जास्त आले. म्हणून सराव-संच सोडवल्याने गुण वाढतात. हा युक्तिवाद कोणत्या विधानाने कमकुवत होतो? मी निवडलं: ‘संच सोडवणाऱ्यांपैकी काही जणांना इतरांपेक्षा कमी गुण मिळाले.’ बरोबर उत्तर होतं: ‘पहिल्या चाचणीत वरचे क्रमांक आलेल्या विद्यार्थ्यांनाच संच दिले होते.’ सरांनी माझा पर्याय ‘इररेलेव्हंट’ (गैरलागू) म्हणून खोडला. पण हा तर थेट विरुद्ध पुरावा आहे!

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

आधी तुझा प्रश्न सोडवू. तो मनात घोळत राहिला तर पुढचं काही नीट वाचलं जाणार नाही.

तुझा पर्याय सरांनी ‘इररेलेव्हंट’ म्हणून खोडला आणि तू लिहितेस, ‘पण हा तर थेट विरुद्ध पुरावा आहे!’ तुझं चिडणं मला रास्त वाटतं. एका शब्दात पर्याय खोडला की तो पुढच्या वेळी ओळखायचा कसा, हे कळत नाही. म्हणून आकडे घालून बघू. संच सोडवणारी पाच मुलं धर: 90, 85, 80, 75 आणि 40. सरासरी 74. न सोडवणारी पाच: 70, 65, 60, 60 आणि 55. सरासरी 62. 40 गुण मिळालेला मुलगा दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाच्या मागे आहे. तरी दोन्ही सरासरींमधला बारा गुणांचा फरक जागच्या जागी आहे. सरासरी म्हटलं की वर-खाली असणारच, आणि युक्तिवाद करणाऱ्याने ते आधीच मान्य केलेलं आहे. ‘संच सोडवणारा प्रत्येक जण इतरांच्या पुढे जातो’ असा निष्कर्ष असता, तर तुझ्या पर्यायाने तो जागीच कोसळला असता. इथे निष्कर्ष तसा नाही.

आता बरोबर उत्तर बघ. संच मुळातच हुशार मुलांना दिले होते. या विधानाने पुरावा खोटा ठरला का? नाही, सरासरी जास्त आहे ती आहेच. निष्कर्ष खोटा ठरला का? तेही नाही, संचांनी गुण वाढतही असतील. मग बिघडलं काय? त्या पुराव्यावरून त्या निष्कर्षाला पोचता येईनासं झालं. संच दिलेच नसते तरी ही मुलं पुढेच राहिली असती, अशी दाट शक्यता उभी राहिली. युक्तिवाद कमकुवत करणं म्हणजे एवढंच. दोन्ही काठ शाबूत ठेवायचे आणि मधला साकव डळमळीत करायचा.

तुझी अडचण नेमकी इथे आहे, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. ज्या पर्यायाचा सूर निष्कर्षाच्या विरुद्ध असतो, तो तुला ओढून घेतो. ‘काही जणांना कमी गुण मिळाले’ यात नकार ऐकू येतो. ‘वरचे क्रमांक आलेल्यांनाच संच दिले’ यात तो ऐकू येत नाही. उलट ते वाक्य क्लासचं कौतुक केल्यासारखं वाटतं. प्रश्न काढणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. नेमका घाव घालणारं विधान तो पुष्कळदा साध्या, कोरड्या माहितीसारखं लिहितो आणि विरोधाचा आवाज करणारं विधान शेजारी ठेवतो. म्हणून पर्याय वाचताना सुराकडे कान देऊ नकोस. एकच विचार: हे खरं मानलं, तर या पुराव्यावर विसंबून तो निष्कर्ष काढायला मी आता कचरेन का?

‘खरं मानलं तर’ हे शब्द प्रश्नातच असतात आणि घाईत सगळे त्यांच्यावरून उडी मारतात. पर्याय खरा की खोटा, व्यवहारात असं घडतं की नाही, याचा न्याय आपण करायचा नसतो. ‘असा कुठला क्लास करतो का?’ हा विचार मनात आला की तिथेच थांबायचं. प्रश्नात ‘सर्वांत जास्त’ असंही लिहिलेलं असतं. उत्तराने युक्तिवादाचा निकालच लावला पाहिजे, अशी अट नाही. उरलेल्या चारांपेक्षा त्याने जास्त धक्का दिला म्हणजे झालं.

आता इंग्रजीबद्दल. तुझ्या पत्रातही एक युक्तिवाद दडलेला आहे. मी मराठी माध्यमातली, माझे वीकनचे प्रश्न चुकतात, कन्व्हेंटच्या मैत्रिणींचे चुकत नाहीत. म्हणून चुकांचं कारण इंग्रजी. हा युक्तिवाद कमकुवत करणारी माहिती तूच दोन ओळी वर दिली आहेस. रीडिंग कॉम्प्रिहेन्शन जमतं आणि अझम्प्शनचे प्रश्न सुटतात. इंग्रजी तेच, उतारे तसेच, वाक्यांची लांबी तीच. कारण इंग्रजी असतं तर तिथेही तू अडखळली असतीस. शिवाय नोव्हेंबर 2023 मध्ये जीमॅटचं नवं स्वरूप आलं, तेव्हा वाक्यदुरुस्तीचे प्रश्न गेले. व्हर्बल या भाषेच्या विभागात आता उतारे आणि क्रिटिकल रीझनिंग एवढंच उरलं आहे. तेव्हा इंग्रजीच्या क्लासवर पैसे घालवू नकोस, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे संध्याकाळी घालवू नकोस. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्या मुलीजवळ मोकळ्या संध्याकाळी मोजक्याच असतात. माध्यमाचा हा सल गेली कित्येक वर्षं मी मुलामुलींच्या पत्रांत वाचते आहे. गैरसमजापायी तो आणखी एकीने उराशी बाळगलेला मला बघवत नाही.

मराठीचा उलट उपयोग करून घे. परिच्छेद इंग्रजीत वाच आणि निष्कर्ष मनाशी मराठीत, एका वाक्यात, घरी बोलतेस तसा म्हण. ‘संच सोडवले म्हणून गुण वाढले, असं याचं म्हणणं आहे.’ असं म्हणता येत नसेल, तर परिच्छेद अजून कळलेला नाही. मग पर्यायांकडे जायचंच नाही.

निष्कर्षाचं वाक्य इतकं नेमकं का हवं, हे इतिहासातल्या एका खऱ्या प्रकरणावरून सांगते. 1854 च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ भडकली आणि ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसं दगावली. कॉलरा घाणेरड्या, कुजक्या हवेने होतो असं तेव्हाचे बहुतेक जाणकार मानत. युक्तिवाद सरळ होता: या भागात दुर्गंधी फार आणि मृत्यूही इथेच फार, म्हणून दूषित हवेने कॉलरा होतो. डॉ. जॉन स्नो यांचा संशय ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यावर होता. त्यांनी काय केलं ते बारकाईने बघ. तिथे दुर्गंधी नाही किंवा माणसं मेली नाहीत, असं ते म्हणाले नाहीत. ते दोन्ही खरंच होतं. त्यांनी वेगळी माहिती गोळा केली. त्याच रस्त्यावर बिअरचा कारखाना होता. तिथले सत्तरावर कामगार तीच हवा घेत होते, पण त्यांच्यातलं कुणी कॉलऱ्याने गेलं नाही. ते तिथली बिअर प्यायचे आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. जवळच गरिबांसाठीचं एक आश्रयगृह होतं. तिथे 535 माणसं राहत होती, त्यांतली पाचच गेली. तिथेही स्वतंत्र विहीर होती. आणि काही मैल दूर, हॅम्पस्टेडमध्ये, एक वृद्ध विधवा कॉलऱ्याने वारली. त्या भागात साथ नव्हती. पण तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी आवडायचं आणि ती ते मुद्दाम मागवून घ्यायची.

कारण (इथे दूषित हवा) हजर असून परिणाम नाही किंवा नगण्य: कारखाना आणि आश्रयगृह. कारण नसताना परिणाम हजर: हॅम्पस्टेडची बाई. ‘अमुक गोष्टीमुळे तमुक झालं’ असा निष्कर्ष दिसला की ही दोन अंगं आधी तपासायची. तिसरं अंग म्हणजे दुसरंच एखादं कारण, जसं तुझ्या प्रश्नात मुलांचा मुळातला हुशारपणा होता. चौथं म्हणजे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल. वीकनच्या प्रश्नांत कार्यकारणाचे युक्तिवाद इतके येतात की एवढं हाताशी असलं तरी पुष्कळ काम होतं.

या प्रकरणाचा पुढचा भाग तुझ्यासाठी जास्त मोलाचा आहे. 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढून टाकला आणि साथ ओसरली. ‘दांडा काढला म्हणून साथ थांबली’ अशी गोष्ट पुढे जगभर सांगितली गेली. आता हे विधान घे: ‘दांडा काढण्याआधीच मृत्यूंची संख्या झपाट्याने घटू लागली होती, कारण पुष्कळ लोक तो भाग सोडून गेले होते.’ हे खरं आहे आणि खुद्द स्नो यांनीच ते नोंदवलं आहे. या विधानाने कोणता युक्तिवाद कमकुवत होतो? ‘दांडा काढल्यामुळे साथ थांबली’ हा होतो. ‘कॉलरा पंपाच्या पाण्यातून पसरला’ याला मात्र धक्का लागत नाही. लोक निघून गेले म्हणजे पाणीही सुटलं आणि हवाही सुटली, त्यातून दोहोंमधलं काहीच ठरत नाही. विधान एक, विषय एक, पण एका निष्कर्षाला घातक आणि दुसऱ्याला निरुपद्रवी. निष्कर्ष ‘कॉलऱ्याबद्दल काहीतरी’ असा मोघम पकडलास, तर दोन पर्यायांमध्ये अडकणं ठरलेलं.

आणि तुझ्या चुकीचाच नमुनाही इथे सापडतो. हेन्री व्हाइटहेड नावाचा तरुण पाद्री त्याच वस्तीत काम करायचा. स्नो यांचं म्हणणं त्याला सुरुवातीला मुळीच पटलं नव्हतं. पंपाचं पाणी भरपूर पिऊनही बरे झालेले लोक त्याने डोळ्यांनी पाहिले होते. ‘काही जणांना कमी गुण मिळाले’सारखंच आहे हे! पाण्यातून रोग पसरतो म्हणणारा माणूस, पाणी पिणारा प्रत्येक जण मरतो असं कुठे म्हणतो? व्हाइटहेडने मग घरोघर जाऊन चौकशी केली. पाणी पिणारे आणि न पिणारे यांची तुलना केल्यावर त्याचंच मत बदललं. साथीच्या आधी आजारी पडलेल्या एका बाळाच्या घराचा मागही त्यानेच काढला. पंपाच्या विहिरीलगतच ते घर होतं आणि बाळाचे कपडे धुतलेलं पाणी तिथल्या मैलाखड्ड्यात जात होतं. एकेकट्या उदाहरणांवर तो अडून राहिला असता, तर हे उजेडातच आलं नसतं.

आणखी एका सापळ्याबद्दल लिहायलाच हवं, कारण चांगली तयारी झालेली मुलंही त्यात पाय देतात. मी रचलेला प्रश्न घे. एका शहराने चौकाचौकांत सीसीटीव्ही बसवले. त्यानंतरच्या वर्षी पोलिसांत नोंदलेल्या चोऱ्या वाढल्या. म्हणून कॅमेऱ्यांचा चोऱ्या रोखण्यास उपयोग झाला नाही. एक पर्याय: ‘बसवलेल्या कॅमेऱ्यांपैकी बरेच वर्षभर बंद होते.’ दुसरा: ‘त्याच वर्षी मोबाइलवरून तक्रार नोंदवायची सोय सुरू झाली आणि पूर्वी तक्रार न करणारे बरेच लोक ती करू लागले.’ पहिला पर्याय कॅमेऱ्यांची बाजू घेतल्यासारखा वाटतो, म्हणून हात तिकडे जातो. पण कॅमेरे बंद होते तर उपयोग झाला नाही हे आणखीच पटतं! तो पर्याय निष्कर्ष का खरा असेल ते समजावून सांगतो. दुसरा पर्याय सांगतो की नोंदी वाढल्या म्हणजे चोऱ्या वाढल्याच असं नाही. मग उपयोग झाला नाही हे कशावरून म्हणायचं? उत्तर दुसरं. मात्र निष्कर्ष ‘कॅमेरे हा चोऱ्या रोखण्याचा उपायच नव्हे’ असा असता, तर पहिल्या पर्यायाला एकदम वजन आलं असतं. निष्कर्षातले चार-पाच शब्द बदलले की उत्तरही बदलतं.

बाकीचे प्रकार थोडक्यात. ‘अमुक योजना राबवली की तमुक साध्य होईल’ असा युक्तिवाद असेल, तर योजनेचा खर्च किंवा लोकांची नाराजी सांगणारा पर्याय बहुधा फसवा असतो. योजना राबवूनही उद्दिष्ट हुकेल असं काही शोध. थोड्या लोकांवरून सगळ्यांबद्दल बोललं असेल, तर ते थोडे लोक बाकीच्यांपेक्षा वेगळे आहेत का ते बघ. टक्केवारीवरून संख्येकडे किंवा उलट उडी मारली असेल, तर एकूण आकडा बदलला का ते विचार. आणि प्रश्नात ‘एक्सेप्ट’ (‘सोडून’) असेल, तर कमकुवत न करणारं विधान हवं असतं. ते युक्तिवादाला बळकटी देणारंच असेल असं नाही, निव्वळ गैरलागूही असू शकतं.

हा स्तंभ वाचणाऱ्या, क्लॅट ही कायद्याची प्रवेश-परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट. तुमच्याकडे साधारण साडेचारशे शब्दांचा उतारा असतो आणि त्यावर अनेक प्रश्न. प्रत्येक प्रश्न उताऱ्यातल्या वेगळ्या दाव्यावर बोट ठेवू शकतो. सगळ्या उताऱ्याचा सूर धरून उत्तरं देत सुटू नका. प्रश्न कोणत्या दाव्याबद्दल आहे, ते वाक्य आधी शोधा.

आता, मैत्रिणी, सरावाचं. पहिले दोन आठवडे पर्याय झाकून सोडव. परिच्छेद वाचायचा, निष्कर्ष मराठीत म्हणायचा, पुरावा कोणता ते म्हणायचं, आणि या दोहोंमध्ये याने न सांगता काय धरून चाललंय ते शोधायचं. अझम्प्शनचे प्रश्न तुला जमतातच, म्हणजे यातलं अवघड काम तू आधीच शिकलेली आहेस. जे गृहीत धरलंय ते खोटं ठरवेल अशी एखादी गोष्ट स्वतः सुचव, मग पर्याय उघड. तुझी गोष्ट जशीच्या तशी तिथे सापडेलच असं नाही, पण तिच्या जातीची सापडेल. सुरुवातीला वेळ लागेल. घड्याळ लावू नकोस.

चुकलेले प्रश्न वहीत लिही, पण ‘सिली मिस्टेक’ हा शब्द त्या वहीत नको. तू निवडलेला पर्याय प्रत्यक्षात काय करत होता ते लिही: सरासरीला अपवाद दाखवत होता, निष्कर्षाला बळ देत होता, की भलत्याच दाव्यावर बोलत होता. महिन्याभरात तुझी स्वतःची ओढ कुठल्या जातीच्या पर्यायाकडे आहे ते कळेल, आणि ते तुला दुसरं कुणी सांगू शकत नाही. प्रश्न शक्यतो परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच प्रसिद्ध केलेले घे. इकडून तिकडून गोळा केलेल्या संचांत पर्याय ढिसाळ असतात, कधी दोन उत्तरं बरोबर वाटतात आणि खरोखर असतातही. त्यांच्याशी झगडून चांगली घडलेली नजर बिघडते.

तिसऱ्या आठवड्यापासून घड्याळ लाव. व्हर्बलमध्ये पंचेचाळीस मिनिटांत तेवीस प्रश्न, म्हणजे एकाला दोन मिनिटांहून जरा कमी. त्यातला अर्धा वेळ पर्यायांच्या आधीच्या वाचनाला दे. तेवढा देववत नाही म्हणून शेवटी दोन पर्यायांमध्ये त्याहून जास्त वेळ जातो. शेवटी वेळ उरला तर एका विभागात तीन उत्तरं बदलायची मुभा आता असते. ती वापरायची तर नवा पर्याय का, हे एका वाक्यात सांगता येईल तेव्हाच. नुसती चुटपुट लागली म्हणून बदलू नकोस.

तारखेचं आत्ता ठरवू नकोस. तीन आठवडे असा अभ्यास कर, मग सुट्टीच्या दिवशी सकाळी, ताज्या डोक्याने, एक पूर्ण मॉक (सराव-परीक्षा) दे. रात्री ऑफिसातून आल्यावर दिलेल्या मॉकवरून स्वतःला मोजू नकोस. त्यात वीकनचे प्रश्न सुधारलेले दिसले, अगदी थोडेसे जरी, तरी ठरल्या दिवशी परीक्षा दे. काहीच फरक नसेल तर तारीख बदल, पण तो निर्णय परीक्षेला पंधरा दिवसांहून जास्त शिल्लक असतानाच घे. दिवस जवळ येतो तसं तारीख बदलण्याचं शुल्कही वाढतं.

तुझी,
ताई